झाकली मूठ, आत काय ते मालकालाही ठाऊक नाही

राहतं घर आम्ही एका छान गार सकाळी पाहिलं होतं. सगळ्यात वरचा मजला, पश्चिमेला मोठ्या खिडक्या, समोर अडवणारं काही नाही. आम्ही आमच्या परीने चोख तपासणी केली. सगळे नळ सोडून पाहिले, कपाटांमागे ओल शोधली, दारं उघडझाप करून पाहिली, कागदपत्रं वकिलाला दाखवली. व्यवहार झाला. पुढच्या उन्हाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास अंधारात चाचपडत जाताना त्या पश्चिमेच्या भिंतीला हात टेकला आणि दचकलोच. ताप आलेल्या माणसाचं कपाळ लागावं तशी भिंत लागली. सूर्य बुडून तीन तास उलटले होते. आणि ही नुसती भिंत. स्लॅबला हात पोचत नव्हता म्हणून त्याचं कळलं नाही, एवढंच.

'घर पाहावं बांधून' असं आपण म्हणतो, कारण बांधताना माणसाला पुष्कळ काही कळतं. तयार घर घेणाऱ्याला ते कळायला एकच वाट उरते : राहून पाहणं. आणि राहून पाहायची वेळ येते ती पैसे देऊन झाल्यावर.

म्हणून घर विकताना त्याचं ऊर्जा-मानांकन देणं कायद्याने सक्तीचं असावं, या बाजूचा मी आहे. मानांकन म्हणजे काय, तर हे घर राहण्याजोगं उबदार किंवा गार ठेवायला दर चौरस मीटरमागे वर्षाला साधारण किती ऊर्जा खाईल याचा हिशेब, आणि त्यावरून दिलेला एक वर्ग. कुठे 'ए' (सगळ्यात चांगलं) ते 'जी' (सगळ्यात वाईट) अशी अक्षरं असतात, कुठे तारे, जितके जास्त तितकं चांगलं. फ्रिज घेताना त्याच्या दारावर हे लेबल चिकटवलेलं असतं आणि आपण ते वाचतो. फ्रिज बारा-पंधरा वर्षं टिकतो. घर साठ-सत्तर वर्षं उभं राहतं, त्याच्यासाठी आपण आयुष्यभराचं कर्ज काढतो, आणि त्याच्यावर लेबल नसतं. हा युक्तिवाद सोपा आहे म्हणून सगळेच करतात. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण फ्रिज कारखान्यात हजारांनी एकसारखे बनतात. घर प्रत्येक वेगळं असतं. फ्रिजचा आकडा चाचणीत मोजलेला असतो, घराचा अंदाजलेला. हा फरक पुढे फार महाग पडतो, त्याकडे येतोच.

कल्पना काही नवी नाही. डेन्मार्कने छोट्या घरांच्या विक्रीला ऊर्जालेबल १९९७मध्येच सक्तीचं केलं. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, १९९९पासून घर विकायला काढायचं तर ताऱ्यांचं मानांकन लागतं. युरोपीय संघाने २००२च्या निर्देशातून सगळ्या सदस्य देशांना हे करायला लावलं. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ साली दाखला आला तो विक्रेत्याने द्यायच्या माहितीच्या एका जाडजूड पुडक्याचा भाग म्हणून. पुडकं इतकं नावडतं झालं की २०१०मध्ये सरकार बदलताच ते गुंडाळलं गेलं. ऊर्जेचा दाखला मात्र टिकला. आयर्लंडने जुन्या घरांसाठी २००९पासून, अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने त्याच वर्षी, आणि ओरेगनमधल्या पोर्टलंडने २०१८पासून हाच रस्ता धरला. म्हणजे पाव शतकाचा अनुभव गाठीशी आहे, आणि वाद घालायचा तर तो या अनुभवावर घालावा.

या सक्तीचं नेहमीचं समर्थन अर्थशास्त्रातून येतं. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल मांडलेला मुद्दा आता सर्वपरिचित आहे. विकणाऱ्याला गाडीचं खरं काय ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतात त्या खटारा गाड्या. अकरलॉफना २००१मध्ये मिळालेल्या नोबेलमागे हेच काम होतं. घराला हे लावलं की चित्र असं दिसतं : विक्रेता धूर्त, त्याने मूठ झाकलेली, आणि कायद्याने येऊन ती उघडायची.

पण आमच्या घराचा आधीचा मालक धूर्त नव्हता. पुढे एकदा भेटला तेव्हा भिंतीचा विषय निघाला. म्हणाला, "असेल बुवा, वरच्या मजल्यावर गरम होतंच." त्याच्या लेखी ती घराची खोड नव्हती, उन्हाळा होता. अकरा वर्षं राहिला, पण शेजारचं घर किती तापतं हे त्याला कुठे माहीत होतं? तुलना करायला माणसाकडे एकच घर असतं. हिवाळ्यात ज्याचं घर थंडगार पडतं तो हवामानाला बोल लावतो, नाहीतर बिल जास्त आलं म्हणून मुलांना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, त्यात निदान मूठ झाकणाऱ्याला आत काय आहे ते माहीत असतं. इथे त्याने स्वतःही ती कधी उघडून पाहिलेली नसते.

हे लक्षात घेतलं की सक्तीविरुद्धचा सगळ्यात हुशार आक्षेप गळून पडतो. तो आक्षेप असा : सक्ती कशाला? ज्याचं घर चांगलं तो आपणहून दाखला काढेल आणि मिरवेल. मग ज्याच्याकडे दाखला नाही त्याचं घर वाईट, हे ग्राहक आपोआप ओळखेल. मग मधल्या घरांचे मालकही दाखले काढतील. होता होता सगळं उघड होईल. कागदावर हे झकास जुळतं. पण त्यासाठी मालकाला आपलं घर चांगलं आहे याची आधी कल्पना हवी, आणि ग्राहकाला 'दाखला नाही' या गोष्टीचा अर्थ लावता यायला हवा. दोघांनाही ते जमत नाही. नेदरलँड्सने २००८मध्ये लेबल आणलं, पण एक पळवाट ठेवून : घेणाऱ्याने 'मला नको' असं लिहून दिलं की झालं. सुरुवातीला जवळपास चौथ्या हिश्शाच्या व्यवहारांत लेबल दिसत होतं. वर्ष-दीड वर्षात दहावा हिस्साही उरला नाही. गंमत म्हणजे त्याच काळातल्या व्यवहारांचा अभ्यास ब्राउनेन आणि कोक या दोघांनी केला, तेव्हा वरच्या वर्गाचं लेबल असलेल्या घरांना ३.७ टक्के जास्त भाव मिळाल्याचं दिसलं. म्हणजे लेबलला किंमत होती, तरी लोकांनी ते सोडून दिलं. घर घ्यायच्या धामधुमीत आणखी एक कागद नको, एवढंच त्यामागे असावं. मीही सही केली असती.

विक्रीचीच वेळ का धरायची, याला मला एक अगदी साधं कारण दिसतं, आणि ते या चर्चेत फारसं कुणी सांगत नाही. खरेदीखत झाल्यापासून सामान येईपर्यंत जे काही आठवडे मिळतात त्यात घर मोकळं असतं. रंगारी येणारच असतो, वायरमन येणारच असतो, भिंती उघड्या असतात, कर्जाची फाइल उघडी असते, आणि 'आता एकदाच काय ते करून टाकू' अशी मनाची तयारीही असते. छतावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, टाकायचा, खिडक्या बदलायच्या, तर याच दिवसांत. एकदा कपाटं भिंतीला लागली आणि गाद्या पडल्या की पुढची दहा वर्षं कुणी त्या वाटेला जात नाही. आमच्याकडे त्या दिवसांत आम्ही स्वयंपाकघराच्या फरशा बदलल्या. चांगल्या होत्या आधीच्या.

त्या फरशांऐवजी छताचं काम केलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब कागदाच्या पाठीवर करता येतो. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असेल तर, दर चौरस मीटरमधून ३ वॉटच्या वर उष्णता वाहते. दहा सेंटिमीटर जाडीचं बऱ्यापैकी इन्सुलेशन टाकलं की हा आकडा ०.३५च्या आसपास येतो. साठ चौरस मीटरचं छत आणि वीस अंशांचा फरक धरला, तर पहिल्या छतातून ३,६०० वॉट आत येतात, दुसऱ्यातून सव्वाचारशे. ३,६०० वॉट म्हणजे घरगुती हीटर दोन खोल्यांत पूर्ण ताकदीने चालू ठेवावेत तेवढी उष्णता, तीही उन्हाळ्यात. थंड प्रदेशात तीच वाट उलटी : तेवढीच उष्णता आतून बाहेर जाते आणि ती विकत घेतलेली असते. हे गणित दहावीच्या विज्ञानाचं आहे. ते घराच्या जाहिरातीत नसतं, आणि 'निसर्गरम्य परिसर' मात्र असतो.

अलीकडे आम्ही घराची रीतसर ऊर्जातपासणी करून घेतली. कशासाठी ते शेवटी सांगतो. आलेल्या बाईंकडे लेझरचं अंतर मोजायचं यंत्र, एक टॉर्च, एक लायटर आणि फोनमधलं होकायंत्र, एवढीच सामग्री. मला वाटलं होतं एसीपासून सुरुवात करतील. त्यांनी आधी विचारलं इमारत कोणत्या साली झाली आणि वर दुसरं घर आहे की आकाश. मग खिडकीच्या चौकटीशी भिंतीची जाडी मोजली. प्रत्येक खिडकीची लांबी-रुंदी आणि दिशा लिहून घेतली. लायटर पेटवून काचेसमोर धरला आणि ज्योतीची प्रतिबिंबं मोजली : एकेरी काचेत दोन दिसतात, दुहेरीत चार. आमच्याकडे दोनच. बाथरूमच्या झरोक्याशी हात ओला करून धरायला मला सांगितलं. गार झुळूक मनगटावर स्पष्ट कळली. एसीची वेळ आली तेव्हा त्याच्या पाटीचा फोटो काढला, बाकी काही नाही. मी मदत म्हणून वर्षभराची बिलं पुढे केली. त्या म्हणाल्या, "बिलं राहू द्या. ती तुमची आहेत, मला घराचं बघायचंय."

हे वाक्य सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. 'बिलं दाखवा, झालं' असं पुष्कळांना वाटतं. जर्मनीत दोन्ही प्रकारचे दाखले चालतात : एक प्रत्यक्ष वापरावर आधारलेला, दुसरा घराच्या बांधणीवरून काढलेल्या गरजेवर. पण बिलात घर आणि माणूस यांची भेसळ असते. दिवसभर बाहेर असणाऱ्या एकट्या माणसाचं गळकं घरही बिलात काटकसरी दिसतं, आणि आजारी आईवडील व तान्हं मूल असलेल्या घरात उत्तम भिंतींआडही मीटर पळतो. घेणाऱ्याला मागच्या मालकाच्या सवयी विकत मिळत नाहीत, भिंती मिळतात. म्हणून मोजायच्या त्या भिंती. बिल हवं तर सोबत जोडावं, वाचणाऱ्याने त्यातून काय ते समजावं.

आता दुखऱ्या जागांकडे. बाजू घेणाऱ्याने त्या झाकू नयेत, नाहीतर आम्हीही झाकली मूठवाले.

पहिली दुखरी जागा अशी की सगळीकडे परिणाम दिसलेला नाही. डेन्मार्कमध्ये लेबल लावलेल्या घरांत प्रत्यक्ष ऊर्जाबचत झाली का, हे २००९मधल्या एका अभ्यासात तपासलं गेलं. लक्षात घेण्याजोगी बचत सापडली नाही. नॉर्वेत २०१०मध्ये लेबल आलं. वरच्या वर्गाच्या घरांना जास्त भाव मिळतो असं तिथेही दिसलं, पण संशोधकांनी तीच घरं लेबल येण्याआधी किती भावाला विकली गेली होती ते पाहिलं, तर जास्त भाव तेव्हाही मिळतच होता. म्हणजे भाव लेबलला नव्हता. चांगल्या बांधलेल्या, नीट राखलेल्या घराला होता. हा निष्कर्ष मला गंभीर वाटतो. कॅनबेराबद्दल एक आकडा फार सांगितला जातो : अर्ध्या ताऱ्यामागे घराचा भाव २००५मध्ये १.२३ आणि २००६मध्ये १.९१ टक्क्यांनी जास्त. तोही हाच प्रश्न मनात ठेवून वाचायला हवा. तारे जिथे जास्त, तिथे सुतारकामही चांगलं असतं.

तरी मी बाजू बदलत नाही, ती ऑस्टिनमुळे. तिथला नियम ठरावीक वयाच्या वरच्या घरांनाच लागू होता आणि शहराच्या हद्दीपुरताच, त्यामुळे नियमात बसणारी आणि न बसणारी घरं शेजारी ठेवून तुलना करता आली. मायर्स, पुलर आणि वेस्ट यांच्या २०२२च्या अभ्यासात दिसलं की सक्ती आल्यावर घराची कार्यक्षमता भावात जास्त नीट उतरू लागली आणि लोकांनी घरात सुधारणाही जास्त केल्या. त्यांचंही म्हणणं हेच, की विकणारा आणि घेणारा दोघेही अंधारात असतात. नॉर्वेत नाही दिसलं ते इथे का दिसलं? मला वाटतं, माहितीचा उपयोग ती कधी हाती येते यावर ठरतो. युरोपात सुरुवातीची बरीच वर्षं दाखला यायचा सही करायच्या टेबलावर, बाकीच्या कागदांच्या चळतीत. तोवर बायकोने पडद्यांचा रंग ठरवलेला असतो आणि नवऱ्याने बँकेत हप्ता. मग 'एफ' असो की 'बी', कोण मागे फिरतंय? २०१०च्या सुधारित निर्देशाने घराच्या जाहिरातीतच ऊर्जेचा आकडा छापायला लावला, ही मला मूळ कायद्याइतकीच महत्त्वाची दुरुस्ती वाटते. सक्ती करायची तर जाहिरातीपासून. पाहायला येणाऱ्याच्या यादीतली दहा घरं त्या एका अक्षराने सहा व्हायला हवीत. सहीच्या दिवशी मिळणारा दाखला हा लग्न लागल्यावर दाखवलेली पत्रिका आहे.

दुसरी दुखरी जागा जास्त खोल आहे : आकडाच कितपत खरा? ब्रिटनमध्ये २०१४च्या सुमारास सरकारनेच एक पडताळणी केली. २९ घरं घेतली आणि प्रत्येक घरात ओळख न देता वेगवेगळे तपासनीस बोलावले. जवळजवळ दोन-तृतीयांश घरांना मिळालेल्या वर्गांत किमान दोन पायऱ्यांचा फरक निघाला. त्याच घराला एक जण 'सी' म्हणतो, दुसरा 'ई'. यात लबाडीच असते असं नाही. भिंत फोडून आत बघता येत नाही, मग इमारतीच्या वयावरून 'त्या काळात असं बांधत' असा अंदाज घातला जातो. आमच्याकडे आलेल्या बाईंनीही दोन ठिकाणी तसंच केलं, आणि तसं केल्याचं सांगितलं. त्याहून वेगळी एक गफलत माणसाच्या वागण्यातून येते. जर्मनीतल्या सुमारे ३,४०० घरांच्या आकडेवारीवरून सुनिक्का-ब्लँक आणि गॅल्विन यांनी २०१२मध्ये दाखवलं की घरांत खरा वापर हिशेबापेक्षा सरासरी ३० टक्के कमी होतो, आणि घर जितकं वाईट तितकी ही तफावत मोठी. कारण उघड आहे. ज्याला अख्खं घर गरम ठेवणं परवडत नाही तो एक खोली गरम ठेवतो आणि स्वेटर घालून बसतो. दाखला म्हणतो हे घर खूप ऊर्जा खातं. प्रत्यक्षात त्या घरातला माणूस कुडकुडून ती वाचवत असतो. असं घर सुधारल्यावर बिल हिशेबाइतकं उतरत नाही, आणि मग लोक म्हणतात फसवलं.

माझं मत इथे येऊन ठरतं. दाखला सक्तीचा करा, पण त्याच्यावर त्याला पेलेल एवढंच ओझं ठेवा. घर घेणाऱ्याला 'हे घर साधारण असं आहे, दुरुस्ती इथे इथे लागेल' हे सांगायला दोन पायऱ्यांचा अंदाज चालतो. डॉक्टर नाडी बघून ताप आहे म्हणतो तेव्हा दशांश चिन्हानंतरचा आकडा कुणी मागत नाही. पण त्याच अक्षरावर भाडेबंदी, अनुदान, कर आणि व्याजदर टांगले की दशांश चिन्हानंतरच्या आकड्यासाठी भांडणं सुरू होतात. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २०१८पासून 'एफ' आणि 'जी' वर्गातलं घर नव्याने भाड्याने देता येत नाही. फ्रान्सने २०२५च्या सुरुवातीपासून 'जी' घरं नव्याने भाड्याने द्यायला मनाई केली. २०२८मध्ये 'एफ'चा, २०३४मध्ये 'ई'चा नंबर आहे. फ्रेंच लोक अशा घरांना उष्णतेची 'गाळणी' म्हणतात, शब्द चपखल आहे. हेतू चांगला, भाडेकरूच्या बाजूचा. पण अक्षराच्या एका बाजूला भाडं आणि दुसऱ्या बाजूला रिकामं घर अशी स्थिती झाली की तपासनिसाच्या पेन्सिलीवर केवढा दाब येतो याचा विचार करा. त्याची फी देतो मालक. मालकाला हवंय वरचं अक्षर. आयर्लंडमधल्या दाखल्यांचा अभ्यास झाला तेव्हा वर्गाची सीमा जेमतेम ओलांडणाऱ्या घरांची संशयास्पद गर्दी आढळली. काठावरची घरं जणू उडी मारून वर बसलेली. ३५ गुणांना पास असेल तर ३४ गुणांचे पेपर जसे सापडत नाहीत, तसंच हे.

म्हणून मला अक्षराऐवजी पट्टा जास्त प्रामाणिक वाटतो. 'हे घर डी' असं छातीठोक सांगण्यापेक्षा 'सी ते ई, कारण भिंतीच्या आतलं पाहता आलं नाही' असं लिहावं. आणि तपासनीस मालकाने निवडू नये, यादीतून पाळीपाळीने यावा. त्याला फी मिळते घराची, अक्षराची नाही, हे तेवढ्याने बरंच साधेल. तपासणीला खर्च येतो, उशीर होतो, ही तक्रार मात्र मला फुसकी वाटते. आमच्याकडे सव्वा तास लागला, आणि घराच्या व्यवहारात याहून निरुपयोगी गोष्टींवर याहून जास्त पैसे जातात.

अक्षर कशाचं, हाही प्रश्न सुटलेला नाही. दर चौरस मीटरचा हिशेब धरला की मोठ्या घरांचं फावतं. चार माणसांच्या तीनशे चौरस मीटरच्या बंगल्याला 'ए' मिळतो आणि तो एकूण ऊर्जा खातो ती पलीकडच्या 'डी' वर्गातल्या तीस मीटरच्या खोलीच्या कितीतरी पट. उलट लहान घराला फटका बसतो, कारण त्यात जमिनीच्या मानाने बाहेरच्या भिंती जास्त आणि अंघोळीचं पाणी माणशी तेवढंच. फ्रान्सला २०२४मध्ये चाळीस चौरस मीटरखालच्या घरांसाठी मोजपट्टी दुरुस्त करावी लागली ती याचसाठी. ब्रिटनचं अक्षर ठरतं खर्चावर; वीज गॅसपेक्षा महाग असल्याने घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर काढून, विजेवर चालून बाहेरची उष्णता आत ओढणारा स्वच्छ हीट पंप बसवणाऱ्याचं अक्षर घसरू शकतं. उष्ण प्रदेशांत तर विचारायचा प्रश्नच वेगळा. तिथे भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत शिरते ते मोजायला हवं. सिंगापूरने घरांच्या बाह्य आवरणासाठी चौरस मीटरमागे २५ वॉटची मर्यादा घातली, भारताच्या २०१८मधल्या 'इको-निवास संहिते'ने थंड विभाग वगळून १५ वॉटची. पण या मर्यादा नव्या बांधकामांच्या आहेत. नवं घर नकाशावर असतं, तिथे काहीही सुधारता येतं. जुनी घरं हातोहात विकली जात राहतात, त्यांच्या भिंती कुणी मोजत नाही, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं बहुतेक लोक राहणार आहेत ते याच घरांत.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला खरंच बोचतो. जुनं, वाईट अक्षराचं घर बहुधा कुणाचं असतं? ज्याच्याकडे ते सुधारायला पैसे नव्हते त्याचं. नवरा गेल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईला मुलाकडे जायचंय, घर विकायचंय, आणि कायदा तिला म्हणतो की आधी तुझ्या घराचं वैगुण्य छाप. भाव पडला तर तो तिच्या म्हातारपणातून वजा होतो. याला 'बाजार आहे' असं उत्तर देणारे लोक मला आवडत नाहीत. पण वैगुण्य लपवलं म्हणून ते नाहीसं होत नाही. ते गुपचूप पुढच्या माणसाच्या गळ्यात जातं. आणि ते घर घेणाराही बहुतेक वेळा श्रीमंत नसतो. कर्जाच्या टोकाला ताणून घेणारं तरुण जोडपं असतं, ज्यांनी बिलाचा हिशेब धरलेलाच नसतो. दोन गरजवंतांपैकी एकाला अंधारात ठेवून दुसऱ्याला मदत करायची, हा कुठला न्याय? मदत करायचीच तर त्या बाईला दाखला फुकट द्या, छताच्या कामाला बिनव्याजी पैसे द्या आणि ते विक्रीच्या रकमेतून वळते करून घ्या. यातलं काहीही दाखल्याशिवाय करता येत नाही, कारण कुणाचं छत गळतंय तेच माहीत नसतं.

आता तपासणी का करून घेतली ते. आम्ही हे घर विकायला काढलंय. आमच्याकडे अशी सक्ती नाही, तेव्हा हौस म्हणूनच म्हणा. अहवाल आला. पश्चिमेची भिंत आणि स्लॅब लाल रंगात, एकूण वर्ग शेवटून दुसरा. मी तो एजंटला दाखवला. त्याने चष्मा वर करून दोन मिनिटं नीट वाचला, घडी केली आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाला, "साहेब, हे जाहिरातीत कशाला? बाकी कुणी टाकत नाही, आपणच टाकलं तर आपलंच घर वाईट दिसेल. कुणी विचारलं तर सांगू की."

मी टाकलं नाही. आतापर्यंत सात कुटुंबं घर पाहून गेली, सगळी सकाळीच. कुणी विचारलेलं नाही.